दादासाठी घेतलेला फ्लूगलहॉर्न

आबा,

दादाचं तोंड वाकडं झालं त्याला वर्ष होऊन गेलं. एरवी घरातलं काहीही तुम्हाला सांगायचं तर मी भाकरी थापता थापता भिंतीवरच्या फोटोकडे बघून सांगायची. हे मात्र सांगितलं नाही. फोटोतले तुम्ही सगळं मुकाट ऐकून घेता, एका शब्दानं चिडत नाही, आणि न चिडणारे आबा माझ्या ओळखीचे नाहीत. म्हणून लिहिते आहे. लिहिताना निदान मधेच तुम्ही काय बोलला असता ते मला ऐकू येतं, आणि मलाही चार शब्द उलट बोलता येतात.

एका सकाळी दादा चूळ भरायला गेला, तर पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. डोळाही मिटेना. वहिनी घाबरून रडायलाच लागली. डॉक्टर म्हणाले, अर्धांग नाही, फक्त चेहऱ्याची शीर आहे, बरं होईल. आणि झालंही, बरंचसं. आज नव्यानं भेटणाऱ्याला काही कळायचंही नाही. तो जेवतो, बोलतो, मनात आलं तर हसतोही. फक्त डाव्या कोपऱ्यात ओठ पुरता मिटत नाही, बारीकशी फट राहते. दुसऱ्या कुणाचं त्या फटीनं काही अडलं नसतं. पण आपला दादा ट्रंपेट वाजवतो. फुंकर तिथून निसटते आणि वाद्यात जायचं ते वाऱ्यावर जातं.

तुम्ही ज्याच्या बँडात वाजवायचात त्या पौडच्या मालकानं तुमच्यामागं धंदा आवरला, तेव्हा त्याची जुनी वाद्यं दादानं घेतली आणि स्वतःचा बँड काढला, हे तर तुम्हाला ठाऊक नाही. बरा चालला होता. मग रस्त्याकडेला लॉन झाले, लग्नं लॉनमध्ये गेली, आणि लोकांना छाती हादरवणारे स्पीकर पाहिजे झाले. बँड उरला तो गेटपासून मांडवापर्यंत, फोटोपुरता. क्लॅरिनेटवाला रिक्षा चालवायला लागला, ढोलवाला हिंजवडीत सिक्युरिटीला लागला. तरी दादानं निरोप धाडला की येत होते सगळे, अंगात जुने लाल कोट घालून. जयंतीच्या मिरवणुकीत तर डीजे कितीही मोठा असो, वस्तीतून निघताना पहिली चाल दादाच्या ट्रंपेटचीच असायची. चाल ट्रंपेट धरतो, बाकीचे तिच्या मागून चालतात, हे तुम्हीच सांगायचात. त्याचा ओठ गेला म्हणजे बँडच गेला. आणि बँड गेला म्हणजे दादाचं काय राहतं?

जवळच चांदे गावात एक सुभेदार राहतात. लष्करी बँडातून निवृत्त होऊन तिथं घर बांधलंय. मिरवणुकीतलं दादाचं वाजवणं त्यांनी ऐकलेलं होतं. आजाराचं कळलं तसे आपणहून आले, दादाला ओठ मिटायला लावला, जवळून बघितला, आणि म्हणाले, "ट्रंपेट आता विसर. त्याला ओठ करकचून धरावा लागतो. फ्लूगलहॉर्न घे."

मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. दिसायला ट्रंपेटचाच जाडा भाऊ, तोंड मोठं, अंग फुगलेलं. बोटं तीच, तीन बटणं तीच. पण नळी आतून रुंद होत होत जाते, म्हणून आवाज मऊ निघतो, आणि किंचाळत वर चढायचं काम त्याला कुणी सांगत नाही. सुभेदार म्हणाले, ओठाला जरा विसावा मिळेल.

"पर ह्यो लग्नात ऐकू येतुया का?" दादानं विचारलं.

"लग्नात नाही येणार. तुला येईल."

त्या रात्री जेवताना दोनदा त्यानं त्या वाद्याचं नाव काढलं, आणि मला वाटलं, चला, गाडी रुळावर येतेय.

आबा, माले गावच्या घरातलं स्वयंपाकघर मला अजून लख्ख दिसतं. चुलीपुढं आई, तिच्या पाठीशी तुम्ही मांडी घालून, आणि तुमच्यापुढं आम्ही दोघं. वाद्य नाहीच. हातात फक्त माउथपीस, ओठाला लावायची ती पितळी वाटी. "आदी ह्याच्यावर सूर काडा. ह्याच्यावर निगाला की वाद्यावर निगतोयच." आम्ही दोघं माश्यांसारखे भुणभुणत बसायचो. आई म्हणायची, "ह्या भुणभुणीनं माजं डोस्कं उठलं, बाहीर जावा की." तुम्ही हलायचा नाहीत. चूक झाली की चिमटा गरम आहे की गार ते न बघता उचलायचात. वाद्यं मालकाच्या ट्रंकेत असायची, लग्नाच्या दिवशी ज्याच्या हाताला जे लागेल ते. माउथपीस मात्र ज्याचा त्याचा, खिशात घेऊन हिंडायचा. सैल बसला तर दोरा गुंडाळायचा, घट्ट झाला तर पॉलिश पेपरनं घासायचा, पण दुसऱ्याचा ओठाला लावायचा नाही. बँडातल्या माणसाला वाद्य निवडायची वेळच कधी येत नव्हती. निवडायचं ते माउथपीसपुरतं, आणि ते एकदाच.

दादाला मिसरूड फुटलं तसं तुम्ही त्याला लाल कोट शिवलात. माझा सूर त्याच्याहून सरळ लागायचा, हे आईलासुद्धा कळत होतं. पौडच्या एका लग्नात दुसरा ट्रंपेटवाला तापानं पडला, तेव्हा मी दारातून म्हटलं, आबा, मी येऊ? सगळा बँड हसला. तुम्हीही हसलात. "लोकाच्या वरातीत वाजवत फिरलीस तर तुज्या वरातीला नवरा कुटनं आनायचा?" मग हसू आवरून म्हणालात, "आत जा." मी गेले. रागावले नाही, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, असंच असतं. राग पुढं खूप वर्षांनी आला, तोवर तुम्ही नव्हता.

माझ्या लग्नात भांडीकुंडी देऊन झाल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि तुमचा जुना माउथपीस हातावर ठेवलात. दोरा गुंडाळलेला, तसाच. म्हणालात, "असू दे. व्हट वापरात ऱ्हाऊ दे." कशासाठी, ते काही सांगितलं नाहीत. पण मी राहू दिला, आबा. हिंजवडीजवळ माणला आम्ही खोल्या बांधल्या, आयटीतली पोरं भाड्यानं आली, मी त्यांच्यासाठी मेस सुरू केली. भाजी फोडणीला पडली, पंखा आणि मिक्सर सुरू झाला, की त्या आवाजात मी माउथपीस ओठाला लावायची. तुमच्या जावयांना वाटायचं, पंख्याच्या बेअरिंगचा आवाज येतोय. एकदा तर त्यांनी पंख्याला तेलही घातलं.

तर दादाला घेऊन मी पुण्याला गेले. पेठेतलं वाद्यांचं दुकान, अरुंद, आत शिरलं की डोक्यावर पितळच पितळ. नवा परदेशी फ्लूगलहॉर्न मालकानं दाखवला, किंमत सांगितली, आणि आमची तोंडं बघून परत ठेवून दिला. आमच्या आवाक्यातले दोन होते. एक इकडंच बनलेला, नवा, झगझगीत. दुसरा परदेशी पण वापरलेला, वरचा मुलामा उडालेला, पोटाशी एक पोचा. दादानं दोन्ही हातात घेतले, बटणं दाबून बघितली, पण ओठाला लावीना. दुकानात दोन कॉलेजातली पोरं गिटार बघत होती. त्यांच्यासमोर फुंकर निसटली तर काय, हे त्याच्या मनात होतं. वाद्य माझ्यापुढं करून म्हणाला, "तू लाव."

मी पर्समधून तुमचा माउथपीस काढला.

मालक म्हणाले, "ताई, ह्याचा माउथपीस वेगळा असतो. सोबत दिलाय, तो लावून बघा ना."

"आमी आमचाच लावतो," दादा म्हणाला. आणि मलाही तेच बरोबर वाटलं. आपल्याला काय ठाऊक, ओठ आपला, माउथपीस आपला, वाद्य कुणाचंही असो. मालक काहीतरी जादा गळ्यात मारतोय अशीच शंका आली. माउथपीस अर्धाच आत जाऊन हलत होता, म्हणून मी आणखी दोरा गुंडाळला. जुन्या हॉर्नवर सूर असा निघाला की सर्दी झालेल्या माणसानं नाकातून बोलावं. खालचे सूर पडलेले, वरचे चढलेले. नव्यावर मात्र खणखणीत निघाला. दादा सवयीनं रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेला, आवाज पोचतो का ते बघायला. तिथून त्यानं अंगठा वर केला. आम्ही नवा घेतला. येताना बसमध्ये दादानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

सुभेदारांपुढं मी वाजवून दाखवला, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. माउथपीस ओढून काढला, दोरा उलगडला, उलगडतच राहिला. "हे काय केलंत? मिक्सरचं भांडं कुकरवर बसवलंत तुम्ही." त्यांनी समजावून सांगितलं. ट्रंपेटचा माउथपीस उथळ, ह्याचा खोल. उथळ लावला की धड फ्लूगलहॉर्न राहत नाही आणि धड ट्रंपेटही होत नाही, सूर सगळे इकडचे तिकडे होतात. आम्ही ज्याला नापास केलं तो चांगला असणार, आणि ज्याला पास केलं तो नुसता ओरडणारा. मग त्यांनी एक बटण दाबून धरलं, त्याच्या बाजूची छोटी नळी ओढून काढली. म्हणाले, इथं फट्‌ असा आवाज यायला पाहिजे, बाटलीचं बूच निघाल्यासारखा. आला नाही. म्हणजे बटणाच्या आतून हवा गळते. "ओठातून गळतेय ती काय कमी होती," ते बोलून गेले, आणि लगेच खाली बघायला लागले. दादा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, पण ते हसणं बघवलं नाही.

दुकानदार भला माणूस. त्यानं बदलून द्यायचं कबूल केलं. सुभेदारांचे गुडघे दुखतात, ते काही आले नाहीत, पण काय काय बघायचं ते मला घोकून घ्यायला लावलं. पहिल्या नळीला पोचा नको, पोटाशी असला तर चालेल. नळीच्या आत लालसर डाग नकोत, ते पितळ कुजल्याचे असतात. बटणं दाबल्यावर आपसूक वर यायला हवीत. माउथपीस त्याचाच लावायचा आणि जोरात नाही, हळू फुंकायचं, कारण खराब वाद्य हळू वाजवताना उघडं पडतं. आपण जन्मभर जोरातच वाजवलं, आबा. हळू वाजवून बघायचं असतं हे तुम्हीसुद्धा कधी सांगितलं नाहीत.

जुना हॉर्न अजून तिथंच होता. नळी ओढली तर फट्‌ असा स्वच्छ आवाज आला. त्याचं तोंड नेहमीच्या पितळापेक्षा तांबूस होतं. मी त्याचाच माउथपीस लावला, तुमचा पर्समध्ये ठेवला, आणि हळू फुंकलं. आबा, शेजारच्या खोलीत कुणी समजुतीनं बोलत असावं, तसा आवाज आला. गिटारवाली पोरं नव्हती त्या दिवशी, पण असती तरी मला काही वाटलं नसतं. मी खालून वर गेले, वरून खाली आले. मालक गल्ल्यामागून उठून उभे राहिले.

"आन हिकडं," दादा म्हणाला.

त्यानं वाद्य घेतलं, पाय रोवून उभा राहिला, तुम्ही उभे राहायचात तसा. फुंकला. कोपऱ्यातून फस्‌ करून वारा गेला. परत फुंकला. मग डाव्या हाताचं बोट कोपऱ्यावर दाबून धरलं आणि एक खालचा सूर निघाला, थरथरत, लांब, आणि मधेच तुटला. त्यानं रुमालानं हनुवटी पुसली. मालकांना म्हणाला, "ह्योच द्या. घरी ग्येल्यावर हुईल सवय." मालकांनी माझ्याकडे बघितलं. मला तिथंच कळून चुकलं होतं की सवय होणार नाही. मी म्हटलं, द्या.

मग तो माणलाच राहायला आला, आमच्या रिकाम्या खोलीत, म्हणजे व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरांकडे जायला जवळ पडेल. पोरं ऑफिसला गेली की दार लावून बसायचा. कोपऱ्याला चिकटपट्टी लावून बघितली. वाद्य तिरकं धरून बघितलं. मेणबत्तीवर फुंकर मारायचा व्यायाम केला, स्ट्रॉनं पाणी ओढायचा केला. मी चहा घेऊन जायची तर आतून नुसता वारा ऐकू यायचा, आणि मधूनच तो एकच खालचा सूर, तिथवर जाऊन तुटणारा. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता जेवढं आलंय तेवढंच धरून चाला." दादानं विचारलं, "मंजी आजून येनार न्हाई?" ते त्याच्या कागदांकडे बघत राहिले.

जयंतीला वस्तीतली पोरं बोलवायला आली. चांगली पोरं आहेत, मनापासून म्हणाली, "काका, तुमी नुसतं पुडं चाला. मान तुमचाच हाय." दादा गेला. लाल कोट घातला, बटणं लावली, आणि मोकळ्या हातानं मिरवणुकीच्या पुढं चालला. मागं ट्रकवर स्पीकर. हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. कधी पाठीशी बांधायचा, कधी कोटाच्या खिशात घालायचा, मग काढायचा. मी कडेनं चालत होते आणि त्याच्या हातांकडे बघायचं नाही असं ठरवून त्यांच्याकडेच बघत होते. घरी आल्यावर त्यानं हॉर्न पिशवीत घातला, चेन लावली आणि कपाटावर ठेवला. क्लॅरिनेटवाल्याला फोन करून सांगितलं, "कोट कुनाला फायजे आसतील तर देऊन टाक." बास, एवढंच. आता सकाळी खुर्ची टाकून गेटपाशी बसतो आणि पोरांना गाड्या कुठं लावायच्या ते सांगतो. पोरं त्याला वॉचमन समजतात. तो त्यांना काही सांगत नाही.

मला वाटायचं, रडेल, भांडेल, तुमच्या फोटोवर तरी राग काढेल. तसं काही नाही. जेवायला हाक मारली की येतो, ताट पुसून जेवतो, ओठाचा कोपरा पुसतो आणि परत खुर्चीवर जातो. ह्यातून त्याला काढायला माझ्याकडे काही नाही. कुणाकडे नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी डबे गेले होते, कट्टा धुवून झाला होता. मी कपाटावरून पिशवी काढली. बटणं अडकायला नकोत, तेलाचा थेंब सोडावा, असं मनाशी म्हटलं, आणि ते खरंही होतं. तेल सोडलं, बटणं खालीवर केली. मग बटणं चालतात का ते बघायला एक सूर काढला. मग दुसरा. मग पाठवणीची चाल धरली, नवरी निघताना तुम्ही वाजवायचात ती, बायका रडायच्या आणि तुम्ही डोळे मिटायचात ती. ट्रंपेटवर ती नेहमी जरा कडक वाटायची. ह्याच्यावर ती अशी वाजली की मला वाटलं, ही चाल ह्याचीच, आपण उगाच इतकी वर्षं दुसऱ्यावर वाजवली.

दादा दारात कधी आला ते कळलं नाही. "बंद कर, बाय," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर मी घाबरून थांबले असते. तो परत म्हणाला, "बंद कर गं." मी ऐकलं, आबा, दोन्ही वेळा नीट ऐकलं, आणि चाल पुढं नेली. शेवटापर्यंत नेली. तेव्हा त्याच्या चपला जिन्यानं खाली जात होत्या.

तुमच्या स्मृतिदिनाला विहारात सगळ्यांसमोर वाचायला काहीतरी लिही, असं मला दादानंच सांगितलंय. तुला जमतंय, म्हणाला. हे मी वाचणार नाही. दुसरं काहीतरी लिहीन, तुमच्या शिस्तीबद्दल, लाल कोटाबद्दल, आणि तो पुढच्या रांगेत बसून ऐकेल. पण त्या दुपारी माझा भाऊ दारात उभा राहून मला बंद कर म्हणत होता, आणि आबा, मला आनंद होत होता.